सेव्ह करून ठेवलेली ताटं : आहार-नोंदीच्या ॲपचे तुमचे अनुभव सांगा

निशिगंध
काल नव्या फोनवर खाण्याच्या नोंदीचं ॲप टाकलं. लॉगिन केलं आणि सेव्ह केलेल्या जेवणांच्या यादीत सगळ्यात वर 'आई रात्रीचं'. आई जाऊन तीन वर्षं झाली. हात तिथेच थांबला.

आईला किडनीच्या आजाराचं निदान झाल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी पोटॅशियम, फॉस्फरस, सोडियम रोज लिहायला सांगितलं होतं. एकेक पदार्थ शोधत बसणं जमेना, म्हणून तिची ठरलेली पाच-सहा ताटं सेव्ह केली. 'आई रात्रीचं' म्हणजे १२० ग्रॅम भात, उकडून पाणी काढलेली गाजरं ६० ग्रॅम, एका अंड्याचा पांढरा भाग, एक चमचा तेल. तिनं गाजर उरवलं की मी ६० चे ४० करायचे. ती पलंगावरून विचारायची, "खरं लिहिलंस ना गं?"

एक गोष्ट उशिरा कळली. लोकांनी भरलेल्या कित्येक नोंदींत पोटॅशियमची जागा रिकामी असते आणि बेरजेत तिचं शून्य होतं. पहिले पंधरा दिवस मी खुशीत होते, आकडा किती कमी म्हणून! मग क्रोनोमीटर नावाच्या दुसऱ्या ॲपवर गेले. तिथे नोंद कुठल्या तक्त्यातून आली ते दिसतं. सगळी ताटं पुन्हा बांधली.

तुमच्याकडे आहेत का अशी जपलेली ताटं?

घाईघाईत
वाचून गलबललं गं. नंतर सविस्तर लिहिते, कुकर लावलाय.

टिपकागद
माझं ताट चुकीचंच सेव्ह झालेलं. 'भात १५० ग्रॅम' वजन केला शिजलेला, निवडली नोंद कच्च्या तांदळाची. शिजलेल्याचे १०० ग्रॅमला साधारण १३० कॅलरी, कच्च्याचे ३६० च्या आसपास. म्हणजे खाल्ले दोनशेच्या आत आणि लिहिले साडेपाचशे. आठ महिने! हाताने लिहीत असतो तर एखाद्या दिवशी तरी डोळ्याला खटकलं असतं. सेव्ह केलेलं आपण परत उघडून बघतच नाही.

दोन_मांजरं
@टिपकागद डिट्टो. फक्त माझ्याकडे तेल. चमचा म्हणजे कुठला चमचा? १५ मिलीचा मोठा चमचाभर तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी, ५ मिलीचा असेल तर ४० च. आता तेलाची बाटलीच काट्यावर ठेवते, ओतायच्या आधी आणि नंतर. ताटात ग्रॅम लिहिते.

पातेलं
मील आणि रेसिपी यात गल्लत करू नका. मायफिटनेसपाल ॲपवर सेव्ह केलेलं मील टाकलं की घटक सुटे सुटे येतात, हवा तो कमी करता येतो. रेसिपी एकच ओळ म्हणून येते. घरी चौघांचं एकत्र शिजतं तिथे रेसिपी बरी. शिजल्यावर पातेल्यासकट वजन, त्यातून रिकाम्या पातेल्याचं वजन वजा, जे उरेल तितके भाग लिहायचे. मग एक भाग म्हणजे एक ग्रॅम. वाढून घेतलं २३० ग्रॅम की लिहायचं २३०. आमच्या पातेल्यांच्या बुडाला पक्क्या शाईनं वजनं लिहिलीत. सासूबाई आधी चिडल्या, आता त्याच सांगतात, "८४० वालं काढ."

दोन_मांजरं
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा :)

उंबरठा
मुलाला टाईप १ मधुमेह आहे, वय ९. शाळेच्या घाईत सेव्ह केलेली न्याहारी म्हणजे देवच. ४२ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं), त्यावर इन्सुलिन. एकदा दुपारी साखर चढलेली, कारण सापडेना. रात्री ब्रेडचं पाकीट उलटून पाहिलं तर नवं पाकीट, स्लाइस जाड. ताटात जुनीच स्लाइस! तेव्हापासून पाकीट बदललं की ताट उघडायचं हा नियम. मुलगाच आठवण करतो.

निशिगंध
@उंबरठा, शहाणं लेकरू. त्याला खूप आशीर्वाद.

मोकळं_आभाळ
मी सगळी ताटं पुसली. आकडा जुळेल म्हणून रोज तेच तीन प्रकार खायचे, दुसरं काही पुढे आलं की घशाखाली उतरायचं नाही. समुपदेशक ताईंनी कॅलरीचा रकाना बंद ठेवून फक्त 'जेवले' एवढं लिहायला सांगितलं. कुणाला असं होत असेल तर बोला, लपवू नका.

घाईघाईत
@मोकळं_आभाळ 🤗 लिहिलंस ते फार बरं केलंस. आज जेवलीस ना?

मोकळं_आभाळ
जेवले. दोनदा वाढून घेतलं.

रातकिडा
ज्यांची ताटं अशी जीव लावलेली आहेत त्यांनी नोंदींची सीएसव्ही (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी फाइल) काढून ठेवा. मी वापरायचो ते ॲप बंद पडलं, चार वर्षांच्या नोंदी गेल्या. आता ओपन फूड फॅक्ट्स, म्हणजे पाकीटबंद खाण्याच्या माहितीचा साठा. २०१२ पासून लोक मिळून भरताहेत, माहिती सगळ्यांना खुली. एखादा बारकोड त्यात सापडला नाही तर पाकिटाचा फोटो काढून आपणच भरायचं. मी रोज एक तरी भरतो. ताटं मात्र माझ्याच स्प्रेडशीटमध्ये.

टिपकागद
अवांतर: वजनकाटा अचानक ३-४ ग्रॅम वरखाली दाखवतोय. कुणाला?

पातेलं
सेल बदला. आणि टेर (काटा शून्यावर आणायचं बटण) दाबायच्या आधी भांडं ठेवून दोन सेकंद थांबा.

निशिगंध
@रातकिडा, तुमचं वाचून लगेच काढली फाइल. पण ती नुसत्या रोजच्या नोंदींची, ताटांची नावं आलीच नाहीत त्यात. मग यादीचे स्क्रीनशॉट घेतले. 'आई रात्रीचं' उघडून पाहिलं. गाजर ४० च आहे, ६० नाही. शेवटचं बदललेलं तसंच राहिलंय.

टिपकागद
सेलच होता. धन्यवाद पातेलं.