युकॉनमधली नदी ठरवताना: घरच्या ग्रुपवरची चर्चा

दादा: मंडळी, ऑगस्टमध्ये कॅनडाच्या युकॉन भागात कनूची, म्हणजे वल्हवायच्या लांबट होडीची, ट्रिप आहे; तिची नदी या आठवड्यात पक्की करू. माझं मत नहानी, युकॉनच्या शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधली. व्हर्जिनिया धबधबा 90 मीटरहून उंच आणि त्याच्या खाली एकामागून एक खोल दऱ्या. एवढ्या लांब जायचं तर हेच बघावं.

वहिनी: फोटो बघून डोळ्यांचं पारणं फिटलं. पण तिथे पोचायचं कसं?

दादा: पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने. रस्ता नाही. धबधब्याच्या वरच्या अंगाला उतरायचं, होड्या आणि सगळं सामान खांद्यावर घेऊन वळसा घालून खाली न्यायचं आणि मग वल्हवायला लागायचं.

ताई: दादा, नहानीला आपण जाऊच, पण या वर्षी नको. नदी बघताना मी आधी एक विचारते: होडी उलटली तर पुढे काय? दरीत दोन्ही बाजूंना कडे असतात, बाहेर पडायला जागा ठरावीकच मिळते. आपल्यातल्या दोघांनी वाहत्या पाण्यात अजून होडी चालवलेली नाही. रॅपिडची, म्हणजे उसळत्या वेगवान पाण्याच्या टप्प्याची, श्रेणी 1 ते 6 असते, पण मदत लांब आणि पाणी थंड असेल तर ती एक पायरी वरचीच धरायची, असं मुरलेले लोक सांगतात. म्हणजे कागदावरची 2 तिथे 3 समजायची.

मोठे काका: लाइफ जॅकेट असतं ना अंगावर?

ताई: काका, जॅकेट तरंगत ठेवतं, गारठ्यापासून वाचवत नाही. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यावर खूप संशोधन केलंय. त्यांचा हिशेब 1-10-1 असा आहे. पहिलं 1 मिनिट धाप आवरण्यात जातं. मग साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे राहतात, त्यानंतर बोटांना दोरसुद्धा धरवत नाही. शुद्ध हरपायला साधारण 1 तास लागतो, पण तोवर तरंगत राहायला जॅकेट हवं. ती 10 मिनिटं किनारा गाठायला पुरतील अशीच नदी मला हवी आहे.

छोटू: मग बिग सॅमन घेऊ या! क्वाएट लेकपर्यंत गाडी जाते, विमानाची भानगड नाही. नदी छोटी, वळणावळणाची, माणूस क्वचितच दिसतो. खरं रान तेच.

ताई: छोटू, तिचा नकाशा मी पुन्हा पुन्हा काढून बघते, इतकी ती मला आवडते. पण तिची वळणंच बघ. बाहेरच्या बाजूला पाणी काठ पोखरतं, तिथली स्प्रूसची झाडं आडवी होऊन पाण्यात लोंबतात. पाणी फांद्यांमधून आरामात निघून जातं. होडी आणि माणूस मात्र त्यांच्यावर दाबून धरले जातात. शिवाय ओंडक्यांचे ढीग प्रत्येक पुरानंतर जागा बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबता येत नाही. वळण दिसताक्षणी आतल्या काठाला होडी नेणं हाताला बसलेलं असेल तरच तिथे जावं.

वहिनी: मग सरळ व्हाइटहॉर्सहून युकॉन नदीच का नको? सगळे तिथूनच निघतात.

दादा: डॉसनपर्यंत 715 किमी आहे. कारमॅक्सला थांबलो तर निम्म्याहून कमी.

ताई: वहिनी, नदी सोपी आहे, पण सुरुवातीलाच लबार्ज तलाव लागतो, सुमारे 50 किमी लांब. वारा सुटला की लाटा उठतात आणि काठाला चिकटून बसून राहावं लागतं. म्हणून मी टेस्लिन सुचवते. जॉन्सन्स क्रॉसिंगला अलास्का हायवेच्या पुलापाशी होड्या पाण्यात सोडायच्या आणि कारमॅक्सला बाहेर पडायचं, सुमारे 370 किमी. मोठा तलाव नाही, मोठा रॅपिड नाही. फाइव्ह फिंगर रॅपिड्स कारमॅक्सच्या पुढे आहेत. पात्र रुंद, काठ जवळजवळ सगळीकडे गाठता येतो. पहिले काही दिवस पूर्ण एकांत. मग हूटालिंक्वाला टेस्लिन युकॉनला मिळते, तिथून पुढे उन्हाळ्यात इतर होड्या भेटतात. म्हणजे आपण थकलेलो असू तेव्हा आसपास कोणीतरी असेल.

छोटू: पण मग लबार्ज ते हूटालिंक्वा हा थर्टी माइलचा टप्पा हुकणार. त्यातलं निळंहिरवं पाणी मला बघायचंच होतं.

ताई: हो, तो हुकतो, आणि मलाही त्याची हळहळ आहे. पण हूटालिंक्वाजवळच्या बेटावर एव्हलिन या जुन्या आगबोटीचा सांगाडा अजून झाडीत उभा आहे. तिथे एक मुक्काम करू.

आत्या: अस्वलांचं काय?

ताई: आत्या, अस्वलं असणारच. खाण्याचं सगळं घट्ट झाकणाच्या पिंपात, तंबूपासून लांब. तंबू वाळूच्या उघड्या पट्ट्यांवर लावू. तिथे लांबवर दिसतं आणि वाऱ्यामुळे डासही कमी. अस्वलाला पळवायचा बेअर स्प्रे विमानात नेता येत नाही, तो तिकडेच घ्यायचा.

मोठे काका: फोन लागेल का?

ताई: नाही, काका. सॅटेलाइट मेसेंजर दोन नेऊ, वेगवेगळ्या होड्यांत. रोज संध्याकाळी तुम्हाला निरोप येईल. एखादा चुकला तरी घाबरायचं नाही. किती वेळ वाट बघायची आणि मग कोणाला कळवायचं ते लिहून देते.

दादा: टेस्लिनला माझी हरकत नाही. पण रोज 50 किमी मारून 8 दिवसांत संपवू.

ताई: नको रे. 12 दिवस धर, त्यातले 2 मोकळे. रोज 37 किमी होतील. सुरुवातीला प्रवाह मंद आहे, समोरून वारा आला तर तेवढेही जड जातात. वेळ हाताशी नसली की माणूस वाऱ्यातही निघतो.

दादा: बरं, 12. नकाशे मी मागवतो, 1:50,000 चे.

छोटू: मी वळणावर होडी वळवायच्या सरावाला तयार आहे. पण पुढच्या वर्षी बिग सॅमन!

ताई: आतल्या काठाला होडी नेऊन दाखव, मग त्याच दिवशी क्वाएट लेकची तारीख ठरवू.