डबा रिकामा परत द्यायचा नसतो : तुमचे अनुभव सांगा

माळवद
काल दसरा काढत होते. माळ्यावरची भांडी धुवायला खाली घेतली आणि त्यात कडीचा स्टीलचा डबा निघाला. तो हातात घेऊन तिथंच बसले.

30 सप्टेंबर 1993. मी नऊ वर्षांची. गणपती बोळवून गाव दमून झोपलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळच. घरं दगडाच्या रुंद भिंतींची, वर माळवदाची हातभर माती. आम्ही अंगणात झोपलो होतो म्हणून राहिलो. आजी आत होती.

वरून पाऊस लागलेला. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा गावाहून टेंपो आला, त्यात बायका भाकरी घेऊन बसलेल्या. एकीनं आईच्या हातात हा डबा दिला. भाकरी, ठेचा, कांदा. म्हणाली, "बाई, आधी लेकराला खाऊ घाल. रडायचं मागून रड." आईनं भाकरी काढून घेतल्या, डबा परत द्यायला वळली तर टेंपो पुढं गेलेला.

डब्यावर नाव कोरलंय. खाली "मामाकडून भेट". म्हणजे त्या बाईच्या लग्नातला. गावाचं नाव घासून घासून गेलंय. आईनं दहा ठिकाणी विचारलं, पत्ता लागला नाही. मग तिनं एक नेम धरला. दर येळवशीला (वेळ अमावस्येला, शेतात पूजा आणि जेवण असतं तेव्हा) डबा भरायचा आणि शेताच्या वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसाला बसवून त्यातलं वाढायचं. कधी चुकवलं नाही. आई जाऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं डबा माळ्यावर रिकामा पडला होता, हे काल कळलं तेव्हा पोटात कालवलं.

तुमच्याकडं असं कुणाचं काही राहिलंय का? आभार मानायचे राहिलेले, किंवा मानले ते कसे? लिहा.

उदगीरची सून
वाचून डोळे भरले गं. कुकर लावलाय, नंतर येते.

टाकीवाला लातूर
2016 चा उन्हाळा. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं, 12 एप्रिलला पहिली, पाच लाख लिटरची. आमच्या गल्लीला त्याआधी महिनाभर पाणी पाजलं ते शेजारच्या काकांच्या बोरनं. आणि त्यांच्याशी आमचं कंपाउंडच्या भिंतीवरून तीन वर्षं बोलणं बंद होतं! एका पहाटे बघतो तर भिंतीवरून पाइप आमच्या हौदात सोडलेला. एक शब्द नाही. काकू फक्त आतून ओरडल्या, "भरलं की सांगा, मोटर बंद करायचीय."
पैसे द्यायला गेलो तर काका चिडले. त्यांना मोतीबिंदू, पेपर वाचता येत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी जाऊन पेपर वाचून दाखवायला लागलो. ऑपरेशन झालं, नीट दिसायला लागलं, तरी अजून मीच वाचतो. चहा तिकडंच होतो.

येडशी घाट
ती भिंत पाडली का मग?

टाकीवाला लातूर
नाही हो. त्यावर आता दोन्ही घरचा दोडक्याचा वेल आहे.

कोयता
माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की उचल घेऊन टोळी निघायची, ते उन्हाळ्यातच परत. मी धारूरकडच्या गावात चुलतीजवळ. तिची स्वतःची चार, पाचवी मी. दूध एक पेला असायचा, त्याचे पाच वाटे. माझा वाटा कधी कमी पडला नाही, तिचा मात्र कधी दिसला नाही.
जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. पहिल्या पगारात तिला पैठणी नेली आणि शहाणपणानं म्हणाले, "काकू, तुमचे उपकार फिटणार नाहीत." ती पैठणी बाजूला सारून म्हणाली, "उपकार परक्याचे असतेत. मी परकी कधीपासून झाले तुला?" दोन दिवस नीट बोलली नाही. तेव्हापासून तोंडानं आभार मानायची मला भीतीच वाटते. आता सुट्टीत जाते, तिचे केस विंचरते, पाय दाबते. ते तिला चालतं.

नांदेड स्टेशन
@कोयता, काकूंना माझा दंडवत.
पण तोंडानं सांगावंच, असं मला वाटतं. माझे वडील असेच, न बोलणारे. आईच्या हातची भाजी आवडली की म्हणायचे, "मीठ बरोबर आहे." चाळीस वर्षं हीच पावती. आई आजारी पडली, तेव्हा दवाखान्यात तिच्या उशाशी बसून म्हणाले, "तू होतीस म्हणून निभलं." आई घरी आल्यावर मला म्हणाली, "हे बरी असताना सांगितलं असतं तर कशाला आजारी पडले असते?" हसत म्हणाली, पण मला लागलं. मी बायकोला रोज सांगतो. मुलं हसतात, हसू देत.

उदगीरची सून
आले. आमच्याकडं पण सेम, "मीठ बरोबर" 😄 आज सांगितलं ह्यांना हे वाचून. म्हणाले, "चपाती मऊ झालीय." प्रगती आहे!

स्पर्धा परीक्षा
मी हिंगोलीचा. तयारीला नांदेडला होतो. महिन्याच्या शेवटी मेसचे पैसे संपले की सचखंड गुरुद्वारात लंगरला जायचो. पंगतीत बसायचं, दोन्ही हात पुढं करायचे, हातावर रोटी पडते. कोण, कुठला, कुठल्या जातीचा, कुणी विचारत नाही. घरी कळलं तर वाईट वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं. नोकरी लागल्यावर देणगीची पावती फाडायला गेलो. तिथले एक बाबा म्हणाले, "पैसे ठीक आहेत पुत्तर, भांडी पण पडलीत." तेव्हापासून जमेल त्या रविवारी भांडी घासायला जातो. गरम पाण्यात हात घातला की आठवडाभराचा ताण उतरतो. का ते मला सांगता येत नाही.

रिकामा गोठा
मोठं लिहिता येत नाही, मोबाईलवर आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची, जिथं जू घासून घासून कातडं कडक झालेलं असतं तिथंच. मग कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. चार वर्षं झाली, बैल विकले, ट्रॅक्टर आहे. ह्यावर्षी संध्याकाळी बापू दिसेनात म्हणून गोठ्यात गेलो. वाटीत तूप-हळद घेऊन दावणीच्या खुंट्याला चोळत होते. आवतण देत होते. मी बाहेरच थांबलो.

येडशी घाट
😔 बापूंना नमस्कार सांगा.

कापूसवेचणी
@माळवद ताई, तुमच्या आईची गोष्ट मनाला लागली. येळवशीवरून आठवलं, मी आता पुण्यात असते, इथं कुणाला येळवस म्हणजे काय हेच माहीत नाही. आंबील जमत नाही, गुठळ्या होतात. कुणीतरी सांगा.

उदगीरची सून
ज्वारीचं पीठ आधी ताकात कालव, रात्रभर राहू दे. उकळत्या पाण्यात धार धरून ओत, एका हातानं ढवळत. गार झालं की वरून ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. मातीच्या भांड्यात ठेव, फ्रीजमध्ये नको. आणि भज्जीला (येळवशीच्या मिसळीच्या भाजीला) हिरव्या तुरीचे दाणे हवेतच, वाटाण्यावर भागवू नको.

कापूसवेचणी
हे माझी सासू सांगायची! तिला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या हाताखाली कुरकुर करत शिकले. थँक्यू ताई.

कोयता
@माळवद, डब्यावर गावाचं एखादं अक्षर तरी दिसतंय का?

माळवद
भिंगातून बघितलं. शेवटचं "वाडी" दिसतंय, पुढचं गेलंय.

टाकीवाला लातूर
अहो औसा, निलंगा, उमरगा, निम्म्या गावांच्या शेवटी वाडी आहे!

माळवद
तेच ना. असो, आज शेंगदाण्याचे लाडू करून डबा भरलाय. आमच्या सोसायटीच्या वॉचमनदादांचं काल बाळ झालं, त्यांच्याकडं निघालेय.

रिकामा गोठा
ताई, माझं आजोळ उमरग्याकडचं, वाडीच आहे. मामी म्हणते, भूकंपात गावातनं भाकरीचे टेंपो गेले होते. कोरलेलं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मामीला आत्ताच फोन लावतो, ती नऊला झोपते.