मोठी एलईडी स्क्रीन लावूनही मागचे लोक मोबाईलमध्येच, काय चुकतंय?

स्नेहा_के: आमचा मोकळ्या मैदानावर कार्यक्रम असतो, संध्याकाळी ५ ला सुरू होतो, दोन-अडीच हजार माणसं येतात. मागच्या वेळी पहिल्यांदाच स्टेजशेजारी मोठी स्क्रीन लावली पण मागच्या निम्म्या लोकांचं लक्षच नव्हतं, मोबाईल काढून बसलेले. शेवटची रांग ८० मीटरवर. स्क्रीनवाला म्हणतोय यावेळी पी३ घ्या, फरक पडेल. पडेल का? मागे बसलेल्याला आपण कार्यक्रमाच्या बाहेर आहोत असं वाटायला नको हो, एवढंच.

व्हिजनमिक्सर: ताई, पी३ म्हणजे दोन पिक्सेलमधलं अंतर ३ मिमी. ढोबळ हिशोब असा की जितके मिमी तितक्या मीटरच्या पुढून चित्र सलग दिसतं, म्हणजे पहिली रांग ७-८ मीटरवर असेल तर पी५ सुद्धा आरामात चालतो, आणि ८० मीटरवरच्या माणसाला तर या दोन्हीतला फरक कळणारच नाही. तो पैसा कॅमेऱ्यात घाला. मागच्या वेळी स्क्रीनवर दाखवत काय होतात?

स्नेहा_के: कार्यक्रमाचं नाव, लोगो, मधेमधे फोटो. कॅमेरा एकच होता, मागून पूर्ण स्टेज दिसेल असा.

व्हिजनमिक्सर: मग तिथेच गेलं सगळं. जे डोळ्यांना लांबून दिसतंय तेच लांबून स्क्रीनवर दाखवलं तर माणूस वर कशाला बघेल? स्टेजजवळ दुसरा कॅमेरा ठेवा, चेहरा, वादकाची बोटं, गाताना मिटलेले डोळे दाखवा. मी एकदा वाजवणाऱ्याच्या नुसत्या बोटांवर कॅमेरा धरून ठेवला होता, मागच्या रांगेतली माणसं उभी राहून बघायला लागली. मधूनमधून प्रेक्षकांवरही कॅमेरा फिरवा, आणि तोही मागच्या रांगांवर, पुढचे पाहुणे तर सगळ्यांना दिसतच असतात. स्वतःला स्क्रीनवर बघितलं की माणूस हात हलवतो, शेजारच्याला हाक मारतो.

साउंडवाला: आवाजाचं कोणीच बोललं नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ८० मीटरवर पाव सेकंदाच्या जरा आतबाहेर पोचतो. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात, ते थोडा वेळ बघितलं की नको वाटतं आणि माणूस मान खाली घालतो. एकच अवाढव्य स्क्रीन घेण्यापेक्षा मैदानाच्या मध्यावर दोन्ही बाजूंना दोन छोट्या स्क्रीन आणि तिथेच डिले लावलेले, म्हणजे स्टेजच्या आवाजाशी जुळावा म्हणून आवाज किंचित उशिरा सोडणारे स्पीकर घ्या, आणि त्या स्क्रीनवरचं चित्रही तेवढंच उशिरा सोडा, तरच ओठ आणि शब्द जुळतील. डिले साउंडवाल्यासमोर बसून तपासा, अंदाजाने नको.

रिगिंग_आबा: ५ ला सुरू म्हणजे सूर्य पश्चिमेला. स्क्रीनचं तोंड पश्चिमेला असेल तर ऊन थेट तिच्यावर पडणार आणि चित्र धुतल्यासारखं दिसणार, म्हणून आउटडोअरचीच घ्या, साधारण ५००० निट्सची (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप). आणि अंधार पडला की ब्राइटनेस उतरवायला एक माणूस नेमून ठेवा, नाहीतर तोच उजेड डोळ्यात घुसतो. खालची कड माणसांच्या डोक्यांच्या वर पाहिजे, दोन-सव्वादोन मीटर तरी. आता वारा, यात मी कोणाचं ऐकत नाही. ६ बाय ४ मीटरची स्क्रीन म्हणजे शीडच की, ताशी ५४ किमीच्या वाऱ्यात तिच्यावर निदान सव्वातीनशे किलोचा जोर येतो. ट्रसच्या, म्हणजे स्क्रीन धरणाऱ्या सांगाड्याच्या बुडाशी वजन किती टाकलंय, किती वाऱ्याला स्क्रीन खाली घ्यायची आणि तो निर्णय कोण घेणार, हे आधी कागदावर लिहून घ्या.

व्हिजनमिक्सर: आबांचं आधी ऐका. अक्षरांचं राहिलं होतं, मी अंतराला २०० ने भागतो, ८० मीटरला ४० सेंमी उंचीचं अक्षर. ठसठशीत फॉन्ट घ्या, बारीक फॉन्टमध्ये लांबून आपले अनुस्वार आणि रफार दिसेनासे होतात, नाव वेगळंच वाचलं जातं. आणि भराभर चमकणारे इफेक्ट नको, सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट एखाद्याला फिट आणू शकतो.

स्नेहा_के: खूप आभार सगळ्यांचे. मग पी५, मध्यावर दोन स्क्रीन, दोन कॅमेरे असं ठरवतेय. आबा, मैदानाला एका बाजूला अजिबात आडोसा नाही, तिकडची स्क्रीन आत सरकवू का? उद्या मोजमाप टाकते.