गावातल्या कार्यक्रमांसाठी लोकांना विचारायचं, पण कुणाला आणि कुठे?

डिचोलीची आई
मुलांसाठी आणि पालकांसाठी गावात काय कार्यक्रम घ्यावेत, याबद्दल आमच्या पंचायतीने लोकांची मतं मागवली. विषय तीन: पालकत्व, पोषण आणि बारावीनंतरच्या मुलांसाठी वर्ग. मला मनापासून बरं वाटलं, म्हणून अर्धी रजा टाकून गेले. वेळ बुधवारी सकाळी अकराची. सभागृहात आम्ही चौदा जण, त्यातले पाच पंच आणि पंचायतीचे कर्मचारी. पहाटेच्या गाडीने कारखान्यात जाणाऱ्या बायकांपैकी एकही नव्हती. कशी असणार?

हातात कागद दिला, त्यावर पहिली ओळ ‘आई/वडिलांचे नाव’. शेजारी आमच्या वाड्यावरची एक आजी बसली होती. खाणी थांबल्यावर तिच्या मुलाचा ट्रक विकला गेला, तो आता मडगावला कामाला. सून पहिल्या पाळीला. दोन्ही नातवंडांना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं सगळं हिच्याकडे. तिने कागद दोनदा उलटसुलट केला आणि मला विचारलं, “बाये, हातूंत म्हजें नांव खंय बरोवचें?” तिच्यासाठी कागदावर जागाच नव्हती. मूल सकाळी चहात बिस्किट बुडवून खाणार की मुगाची पेज, हे मात्र रोज तीच ठरवते.

माझं मत: लोकांना सभागृहात बोलावू नका, लोक असतात तिथे जा. अंगणवाडीच्या दारात, कारखान्याच्या बसथांब्यावर, दूध सोसायटीत विचारा.

निवृत्त मास्तर, फोंडा
ताई, तुमची कळकळ पोचली, पण उपाय पटत नाही. दारात झालेलं बोलणं हवेत विरतं. १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याने ग्रामसभा दिली आहे, ती रविवारी भरते, म्हणजे कामावरच्या माणसालाही येता येतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. हे हक्क मिळालेले असताना आपण ते वापरत नाही आणि नवी वाट शोधतो. ठराव इतिवृत्तात आला तरच त्याच्यामागे पैसा येतो.

सत्तरीकर
मास्तर, आमच्याकडची ग्रामसभा पाहिलीत का? जमिनीची रूपांतरं, कचरा, रस्ता, यावर दीड वाजेपर्यंत भांडण चालतं. ते विषय महत्त्वाचेच आहेत, मीही त्यावर बोलतो. पण मुलांच्या जेवणाचा विषय निघतो तोवर लोक घरी जेवायला निघालेले असतात. शाळेच्या समितीवर माझी बायको दोन वर्षं होती. वही घरी यायची, सही करून परत जायची.

अंगणवाडीत बावीस वर्षे
माझं दोघांशीही जमत नाही. पोषण हा आवडीनिवडीचा विषय नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातली पाच वर्षांखालची, वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुलं २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होती, २०१९-२१ मध्ये २५.८ टक्के झाली. शिकलेल्या, रस्ते असलेल्या, दवाखाने असलेल्या गोव्यात! लोकांना मोकळं विचारलं तर संगणकाचा वर्ग मागतील, शिलाई मागतील. “माझं पोर वजनात मागे आहे, मला शिकवा,” असं चारचौघांत कोण म्हणेल? मला ते वजनकाट्यावर कळतं. आधी तक्ता बघा, मग कार्यक्रम ठरवा.

डिचोलीची आई
सेविकाताई, तुमचा काटा सांगतो की मूल मागे पडलं. का मागे पडलं ते घरचं माणूस सांगेल. अंगणवाडीतून घरी नेलेला आहार त्या मुलाच्याच पोटात जातो की चार भावंडांत वाटला जातो, हे तक्त्यावर येत नाही.

बचत गटातून
शाळेच्या माध्यान्ह आहारावर मी बोलू शकते, आमचा गट तो करतो. नियम ठरलेला आहे: पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २०. ते कमी करा असं गावाने म्हणायचं नाही, इथे सेविकाताईंचं बरोबर. पण त्या मापात काय शिजवायचं हे विचारलं तर काय बिघडतं? पातळ भाजी पावाला लागत नाही म्हणून मुलं पाव कोरडाच खातात आणि भाजी ताटात राहते. वायंगण शेतातले, म्हणजे हिवाळी पिकातले आळसांदे (आमची चवळी) घातले की पातेलं पुसून निघतं. हे आम्हाला माहीत आहे, पण विचारायला कुणी आलं नाही. आळसांदे महाग पडतात, दर वरून ठरतो, हेही ऐकून घ्या.

पेडणे, वय २०
तुम्ही सगळे पालक म्हणून बोलताय. ‘युवा वर्ग’ आमच्यासाठी आणि मत मागितलं आमच्या वडिलांचं! त्यांनी लिहिलं व्यसनमुक्तीवर व्याख्यान, मोबाईलवर व्याख्यान. व्याख्यानं वाईट नाहीत, पण शाळेपासून तीच ऐकतोय. मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. तिथल्या कोणत्या कामाला कोणतं प्रमाणपत्र लागतं, मुलाखतीत उभं राहून चार वाक्यं कशी बोलायची, हे आम्हाला हवंय. आणि वर्ग संध्याकाळी ठेवला तर शेवटची बस बघून ठेवा. मुली त्याच कारणाने येत नाहीत.

निवृत्त मास्तर, फोंडा
मुला, तुझं मान्य. वीस वर्षांचा तू मतदार आहेस, ग्रामसभेत तुला पूर्ण हक्क आहे. येऊन बोल. तुझ्या वडिलांना मी गप्प बसायला सांगेन.

अंगणवाडीत बावीस वर्षे
बसथांब्यावर कुणाला थांबायला वेळ नसतो, बाय. विचारायचंच असेल तर वजनाच्या दिवशी ये. त्या दिवशी आज्या येतातच, मूल काट्यावर असताना बोलतातही.

डिचोलीची आई
येते. कागद नवा करून आणते, वर ‘मुलाला जेवण भरवणारी व्यक्ती’ असं लिहून.

निवृत्त मास्तर, फोंडा
आणा. पण ते कागद घरात ठेवू नका, पुढच्या ग्रामसभेच्या आधी लेखी अर्जाला जोडून सचिवाकडे द्या आणि पोच घ्या. नाहीतर माझा मुद्दा तिथेच आहे.