मदत हवी आहे: नववी-दहावीच्या मुलांना शाळेनंतरही टिकेल असा व्यायाम कसा शिकवावा?

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. तासाला कबड्डी, खो-खो जोरात चालतात, पण खेळतात तीच दहा-बारा मुलं. बाकीची, त्यातही मुली, कडेला बसून राहतात. आणि खेळणाऱ्यांचंही दहावीनंतर सगळं सुटतं. सात जण जमवून कबड्डी खेळणं नोकरी-संसारात कुणाला जमणार? माझे माजी विद्यार्थी तिशीतच गुडघे धरून भेटतात, फार वाईट वाटतं.

म्हणून यंदा एकट्याने किंवा दोघांत, कमी खर्चात, चाळिशीतही करता येईल असं काही शिकवायचं आहे: भरभर चालणं, सायकल, बॅडमिंटन, सूर्यनमस्कार, डोंगर चढणं. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते, आमचे तास मात्र आठवड्याला दोनच. पांडवलेणीच्या पायऱ्या एकदा चढवल्या, तेव्हा कधीच न खेळणाऱ्या दोन मुली सगळ्यांच्या आधी वर! तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय.

पुढे रामशेज किल्ल्यावर न्यायचं आहे. पन्नास मुलांमागे मोठी माणसं किती असावीत? ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांचं काय करावं? गुण वेगावर न देता कशावर द्यावेत? मासिक पाळीच्या दिवसांत मुलींना न अवघडता सामील करून घेतलेल्या शिक्षिकांचा अनुभव तर हवाच आहे. पालकांनीही सांगा, घरी मुलं कशाने हलतात?