खलाटीतल्या घराला वेगवान इंटरनेट कसं मिळवावं? (गुहागर तालुका)

पडवीतून

नमस्कार. आमचं घर गुहागर तालुक्यात, पालशेत ते वेळणेश्वर या पट्ट्यात, समुद्राकडे उतरणाऱ्या एका वाडीत आहे. वर सडा (कातळाचं पठार), मध्ये घाटी, खाली खलाटीत आगरं (माडाच्या बागा). मोबाइलचा टॉवर सड्यावर आहे आणि आमचं घर बरोबर त्याच्या पोटाखाली, उतारावर. घरात एखादी दांडी दिसते. पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) तिसऱ्या पायरीवर उभं राहिलं की तीन दांड्या.

दोन वर्षांपूर्वी चिंचवड सोडून मी सासूबाईंसाठी इथे आले. त्या ७८ वर्षांच्या आहेत, हे घर सोडायला तयार नाहीत, आणि मलाही त्यांना इथून हलवायचं नाही. माझं काम पुण्यातल्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे ड्राफ्टिंगचं. ऑफिसचा कॉम्प्युटर तिकडे चालू असतो, मी इथून रिमोट डेस्कटॉपने त्यावर काम करते.

सध्या ४जी राउटर वापरते. सकाळी सातला ७-८ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट, हे वेगाचं माप), दुपारी ४, रात्री नऊला १ सुद्धा नाही. अपलोड अर्ध्या एमबीपीएसच्या वर जात नाही. ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला आधी ५१२ केबीपीएस पुरत होते, २०२३ पासून किमान २ एमबीपीएस लागतात. माझं रात्रीचं कनेक्शन त्यातही बसत नाही. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी आले की दिवसाही रात्रीसारखीच गत.

पण मला खरा त्रास आकड्यांचा नाही, उशिराचा आहे. मी बीमची रेघ ओढते, माउस थांबतो, आणि रेघ मागून येते. पुढे जाऊन थांबते, ती भलत्याच ठिकाणी. मग मागे घ्यायचं, तेही उशिराने होतं. एका सळईच्या तपशिलाला पुण्यात दहा मिनिटं लागायची, इथे पाऊण तास जातो. ऑफिसने दोन वर्षं सांभाळून घेतलं आहे. हे काम गेलं तर मला परत जावं लागेल आणि सासूबाई एकट्या पडतील, म्हणून कळकळीने विचारते आहे.

पर्याय असे दिसतात. घरावर बसवायचं ५जी यंत्र दोन कंपन्यांची माणसं येऊन बघून गेली, दोघांनीही सिग्नल पुरत नाही म्हणून नकार दिला. आमच्या भागातला केबलवाला फायबर द्यायला तयार आहे, पण त्याची लाइन आमच्यापासून ९०० मीटरवर रस्त्यापाशी संपते. एकट्या घरासाठी ओढायचे तो १८,००० मागतो. तिसरं म्हणजे चुलतदिरांचं घर सड्यावर आहे, तिथे कनेक्शन घेऊन वायरलेसने खाली आणता येईल असं कोणीतरी म्हणालं. घरापासून ते ७०० मीटर असेल.

कशावर पैसे घालावेत? पुन्हा पुन्हा खर्च करण्याइतकी ऐपत नाही.

भरतीओहोटी

ताई, आधी बाहेर लावायचा ॲन्टेना घेऊन बघा. दोन-अडीच हजारांत येतो. माडाच्या वर जाईल असा पाइप उभा करायचा, तोंड टॉवरकडे. आमच्याकडे दाभोळ खाडीच्या बाजूला त्याने ३ चे ११ झाले.

पडवीतून

धन्यवाद. रात्री जो वेग पडतो तोही त्याने सुधारेल का?

जुना लाइनमन

रात्रीचं सुधारणार नाही, म्हणून ॲन्टेनाचे पैसे लगेच घालू नका. आधी एक करा. राउटरच्या सेटिंगमध्ये आरएसआरपी म्हणून आकडा दिसतो, ती टॉवरच्या सिग्नलची ताकद, तो सकाळी सात आणि रात्री नऊ, दोन्ही वेळा लिहून ठेवा. दोन्ही वेळा सारखाच असेल आणि वेग मात्र रात्री पडत असेल, तर सिग्नल तोच आहे, टॉवरवर गर्दी झाली आहे. ॲन्टेना सिग्नल ओढतो, गर्दी कमी करत नाही. ज्यांना तीनचे अकरा मिळाले त्यांच्या टॉवरवर माणसं कमी असतील.

मी ३१ वर्षं टेलिफोनच्या तारा ओढल्या, त्यातली बरीचशी चिपळूण आणि गुहागर भागात. आता निवृत्त आहे. मुलगा फायबरचं काम करतो, त्याच्याबरोबर अजून जातो. माझं मत सरळ आहे: तुमच्या कामाला फायबरच हवी. पण १८,००० देऊन एकट्यासाठी ओढू नका.

९०० मीटर ऐकून घाबरू नका. तांब्याच्या जोडीत अंतर वेग खायचं. एक्स्चेंजपासून चार किलोमीटरवरच्या घरात काय मिळायचं ते मी रोज बघत होतो, आणि पावसाळ्यात एका जॉइंटमध्ये पाणी शिरलं की लाइनवर खरखर सुरू. काचेचं, म्हणजे फायबरचं, तसं नाही. १३१० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरीला किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबी (डेसिबल, घट मोजायचं माप) जातो, म्हणजे तुमच्या ९०० मीटरांत ०.३२. एक मळका कनेक्टर याहून जास्त खातो. एका धाग्यातला प्रकाश आठ घरांत वाटणारा स्प्लिटर बसवला तर साडेदहा डीबी जातात, तरी चालतं, कारण जीपॉनच्या (एक फायबर अनेक घरांत वाटायच्या पद्धतीच्या) नेहमीच्या सामानाला एकूण २८ डीबीपर्यंत घट सोसते. अंतरापेक्षा जोडणी कशी केली आहे, यावर सगळं आहे.

तो १८,००० सांगतो आहे तो बहुधा एक कोअरची (आत काचेचा एकच धागा) ड्रॉप केबल, म्हणजे घरात येणारी बारीक केबल, तुमच्या दारापर्यंत थेट आणायचा. उद्या शेजाऱ्याने मागितली की पुन्हा नवीन ९०० मीटर. त्यापेक्षा ४ कोअरची केबल वाडीच्या मधोमध आणायला सांगा. तिथे एका खांबावर बॉक्स, बॉक्समध्ये १:८ चा स्प्लिटर, आणि तिथून प्रत्येक घराला छोटी ड्रॉप. खर्च थोडा वाढेल पण वाटून घेता येईल. एक कोअर वापरात, तीन शिल्लक. कधी एक तुटली तर दुसरी लावायची.

वाट ठरवताना तुम्ही स्वतः बरोबर चाला. पोरं सरळ रेघेत ओढतात, माडांच्या मधून. वाळलेली झावळ वरून पडली की केबल गेलीच म्हणून समजा. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने न्या, लांबी पन्नास मीटर वाढली तरी चालेल. महावितरणच्या खांबाला परवानगीशिवाय बांधू देऊ नका, गॅल्व्हनाइज्ड पाइप उभे करा. पऱ्या (ओढा) ओलांडताना ताण देऊन बांधू नका, वाऱ्याला हलायला जागा ठेवा. निसर्ग वादळात, ३ जून २०२०, दापोली-मंडणगडकडे खांबच्या खांब आडवे झाले होते. खांब पडतो तेव्हा ताणलेली केबल तुटते, सैल असलेली पुष्कळदा वाचते. म्हणून दर दोन-तीनशे मीटरवर दहा मीटरचं वेटोळं जास्तीचं बांधून ठेवा. तुटल्यावर जोडायला तेवढी केबल हाताशी लागते.

घराशी आल्यावर तीन गोष्टी. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथून गळतं, भोकातून आत येत नाही. ड्रॉप केबलला आधाराची लोखंडी तार असते, ती बाहेरच हुकाला बांधून कापायची, घरात आणायची नाही. काचेतून वीज येत नाही, तारेवरून येते. वैशाखात आणि परतीच्या पावसात तांब्याच्या लाइनवर जळालेले मोडेम मी ढिगाने बदलले आहेत. आणि कनेक्टर हिरवा हिरव्यातच, निळा निळ्यातच. उलटसुलट बसतो, पण सिग्नल मारतो.

काम संपलं की पैसे देण्याआधी पॉवर मीटर लावायला सांगा आणि आकडा स्वतः वाचा. ती पोचलेल्या प्रकाशाची ताकद, उण्याचा आकडा मोठा तितका प्रकाश कमी. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर उत्तम. उणे २७ ही बहुतेक यंत्रांची शेवटची पायरी. उणे २६ दाखवून 'चालतंय ना' म्हणाला तर ऐकू नका, पुन्हा जोडायला लावा. उन्हाळ्यात चालेल, जुलैत लाल दिवा लागेल.

खाडीपलीकडे

वायरलेसबद्दल लिहितो, कारण मी वापरतो. विजयदुर्ग खाडीच्या काठी माझं घर, पलीकडच्या काठावर मित्राकडे फायबर. ५.८ गिगाहर्ट्झचे दोन डिश, परवाना लागत नाही, चार वर्षं चांगलं चालू आहे. पण आमच्या मध्ये नुसतं पाणी आहे. तुमच्या मध्ये माड आहेत, आणि माड हलतात. ७०० मीटरच्या अंतराला मध्यावर सरळ रेषेभोवती सुमारे तीन मीटरची जागा मोकळी लागते, नुसतं दिसून भागत नाही. वाऱ्यात दर मिनिटाला लिंक खालीवर होईल आणि तुमची रेघ पुन्हा मागून येईल. दुसरं म्हणजे खारा वारा. वरच्या डिशच्या केबलचे कनेक्टर मला दर वर्षी बदलावे लागतात, उघडले की पिना हिरव्या झालेल्या असतात. फायबर मिळत असेल तर तीच घ्या.

चाकरमानी_ठाणे

तुमच्यासारख्याच वाडीत आमचं घर आहे, वर्षातले अकरा महिने बंद. मी सांगतो, बंद घरवाल्यांना विचारा. आम्हाला तिथे वेग नको असतो, पण घरावर कॅमेरा हवा असतो. वादळ आलं, कौलं उडाली का, कोणाकडून तरी फोन करून कळेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत हा विषय ठेवा. वर्गणी देऊळ-रस्त्याला देतो तशी याला पण देऊ.

पडवीतून

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वाडीत ११ घरं, त्यातली ६ बंद. आकडे लिहून काढले: आरएसआरपी सकाळी उणे १११, रात्री उणे ११२. म्हणजे काका म्हणाले तसं, गर्दीच.

काका, पंचायतीपर्यंत सरकारी फायबर आली आहे असं म्हणतात. तिचा उपयोग होईल का?

जुना लाइनमन

ती भारतनेट. २०११ मध्ये नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क म्हणून मंजूर झाली, २०१५ मध्ये नाव बदललं. उद्देश ग्रामपंचायतीपर्यंत पोचायचा होता, घरापर्यंत नाही. २०२३ मध्ये सुधारित योजना मंजूर झाली आहे. ग्रामसेवकांना विचारा की तिथून घरगुती कनेक्शन देणारा कोणी नेमला आहे का. असेल तर त्याचा दर काढा आणि केबलवाल्याच्या दराशी ताडून बघा. नसेल तर थांबू नका. तुमचं काम आज अडलं आहे.

पडवीतून (पाच आठवड्यांनी)

सर्वांना कळवते. पंचायतीकडून घरगुती कनेक्शन देणारा सध्या कोणी नाही. केबलवाल्याकडून ४ कोअर, खांब, बॉक्स, स्प्लिटर धरून ३१,५०० चा हिशोब आला. मंडळाच्या मुंबईच्या बैठकीत दिरांनी विषय मांडला. ७ घरं तयार झाली, ४ राहती आणि ३ बंद. घरटी ४,५०० पडले. ज्यांनी दिले नाहीत त्यांच्यासाठी बॉक्समध्ये जागा आहे.

वाट मी स्वतः चालले. पोरांनी खरंच माडांतूनच ओढायला घेतलं होतं. गडग्याने न्यायला सांगितल्यावर एक दिवस जास्त गेला. पहिल्यांदा मीटर लावला तेव्हा उणे २६.३ आलं. मी पुन्हा जोडा म्हटलं. तो पोरगा कुरकुरला नाही, बॉक्स उघडला, कनेक्टर अल्कोहोलने पुसला, एक वेटोळं फार घट्ट वळलं होतं ते सैल केलं. उणे २१.४. त्यालाच आश्चर्य वाटलं.

१०० चा प्लॅन घेतला आहे. लॅपटॉप केबलने जोडून ९३ मिळतात, रात्री नऊलाही. ऑफिसपर्यंत उशीर २१ मिलिसेकंद, आधी ९० ते ४०० असायचा. काल कॉलमचं एक अख्खं शीट दुपारच्या जेवणाआधी पूर्ण झालं. रेघ माउसबरोबर येते. काका, तुमचे उपकार मानते.

एक राहिलं. राउटर ओटीवर आहे आणि सासूबाईंची खोली माजघराच्या पलीकडे. त्यांना नणंदेशी व्हिडिओवर बोलायचं असतं, तिथे वायफाय पोचत नाही. भिंती जांभ्याच्या, दीड फूट जाड. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर केलं तर नाव दिसतं, पण चित्र अडकतं. बूस्टर घेऊ का?

जुना लाइनमन

बूस्टर नको. जो सिग्नल पोचतच नाही तो बूस्टर तरी कुठून वाढवणार? कॅट ६ ची केबल टाका, शंभर मीटरपर्यंत चालते, तुम्हाला पंधरा-वीस लागेल. त्या खोलीत दुसरा साधा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायला, लावा. केबल कौलाखालच्या वाश्यांवरून नेऊ नका, तिथे उंदीर असतात आणि पावसात ओल धरते. पडवीच्या भिंतीने, पीव्हीसीच्या नळीतून, दरवाजाच्या चौकटीशेजारी भोक पाडून आत न्या. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवा.

आणि राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. लाइट गेली तरी फायबर चालू असते, राउटर बंद पडतो म्हणून माणसाला वाटतं नेट गेलं. आजींना लाइट गेल्यावरच लेकीला फोन करावासा वाटणार.