मेक्लेनबर्गमधली जमीनदारांची घरं सरकारी पैशानं वाचवावीत का?

उत्तरवारा:
जर्मनीच्या ईशान्येला, बाल्टिक समुद्रालगतच्या मेक्लेनबर्ग-फोरपोमर्न राज्यात खेडोपाडी जमीनदारांची जुनी घरं उभी आहेत. तिकडे त्यांना गुट्सहाउस म्हणतात. या एकाच राज्यात ती दोन हजारांवर आहेत. काहींची हॉटेलं झाली, काहींत माणसं राहतात, बाकीच्या कित्येकांची छपरं खचत चालली आहेत. माझं मत स्पष्ट आहे: सरकारनं पैसा घालून ती वाचवावीत.

ही फक्त सरदार-दरकदारांची स्मारकं आहेत, हा समज मला पटत नाही. सप्टेंबर 1945 मध्ये सोव्हिएत ताब्यातल्या भागात 100 हेक्टरांवरच्या सगळ्या इस्टेटी मोबदला न देता काढून घेतल्या गेल्या. मालक हाकलले गेले आणि पूर्व प्रशिया, पोमेरानिया या पूर्वेकडच्या मुलखांतून जीव घेऊन आलेली निर्वासित कुटुंबं तिथे शिरली. त्या काळात मेक्लेनबर्गच्या लोकसंख्येत निर्वासितच 40 टक्क्यांहून अधिक होते. एकेका खोलीत एकेक कुटुंब, दिवाणखान्यात चुली. पुढे पूर्व जर्मनीच्या राजवटीत त्याच घरांत बालवाडी, किराणा दुकान, सहकारी शेतीचं कार्यालय, मजुरांचं जेवणघर आलं. आज साठी-सत्तरीत असलेल्या किती गावकऱ्यांचं बालपण त्या जिन्यांवर गेलंय! 1990 मध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाल्यावर बालवाडी बंद, सहकारी शेती मोडली, दाराला कुलूप. पन्हळ तुंबते, पाणी तुळयांत मुरतं, बुरशी लाकूड पोखरते. अशी घरं माणसांनी पाडावी लागत नाहीत, आपोआप पडतात.

नांगरट:
बालवाडीची आठवण खरी आहे, पण तुम्ही 1945 पासून सुरुवात केलीत. त्याआधीची तीनशे वर्षं कुठे गेली? तीस वर्षांच्या युद्धानंतर, म्हणजे 1648 नंतर, इथल्या जमीनदारांनी कुळांना उठवून त्यांची शेतं आपल्या इस्टेटीत ओढली. 1755 च्या करारानं त्या हक्कावर शिक्काच मारला. वेठबिगारी कायद्यानं संपली 1820 मध्ये, पण माणूस सुटला तो जमिनीवाचून. जमीनदारानं वस्तीची परवानगी दिली नाही तर गावात राहायची सोय नाही, लग्न करून संसार मांडायची सोय नाही. एकोणिसाव्या शतकात तिथून अमेरिकेला जाणाऱ्यांची रांग लागली ती यामुळे. ते खांब, ती लिंडनच्या झाडांची वाट, सगळं त्या श्रमातून उभं राहिलं. आणि आता त्यांच्याच वंशजांच्या करातून डागडुजी, म्हणजे शनिवार-रविवारी बर्लिनचे पाहुणे उतरणार? हे मला अन्यायाचं वाटतं.

चुनखडी:
नांगरट, हा राग 1947 मध्येच घरांवर निघून गेलाय. सोव्हिएत प्रशासनाचा हुकूम क्रमांक 209 आला आणि जप्त जमिनी वाटून मिळालेल्या नव्या शेतकऱ्यांची घरं बांधायला जमीनदारांच्या इमारती पाडून विटा-लाकूड काढलं गेलं. ती विटेची गरज होती हे मान्य. पण आज पडणाऱ्या घराची वीट कुणाच्याच कामाला येत नाही.

क्ल्युट्झ गावाजवळचा बोथमर वाडा पाहा. 1726 ते 1732 मध्ये बांधलेला, पूर्व जर्मनीत वृद्धाश्रम होता, 2008 मध्ये राज्यानं घेतला, 2015 मध्ये लोकांसाठी उघडला. आता तिथल्या लिंडनच्या झाडांच्या वाटेवरून कुणीही चालत जातं. मालकी सार्वजनिक असली की तुमचा आक्षेप बराचसा गळून पडतो.

नांगरट:
बोथमर एकच आहे. दोन हजार घरांचं सरकार काय करणार? उल्रिशहुझेन घ्या. 1562 मधला किल्लेवजा वाडा, 1987 मध्ये जळाला, 1993 मध्ये मूळ घराण्यातल्या जोडप्यानं विकत घेऊन उभा केला, तिथे संगीताच्या मैफली होतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. ज्यांना ओढ आहे त्यांनी करावं.

उत्तरवारा:
प्रत्येक गावात संगीत महोत्सव येणार नाही. जिथे ओढ असणारा माणूस मिळत नाही तिथलाच प्रश्न मी मांडतोय.

पाणंद:
तुम्ही तिघंही घराबद्दल बोलताय, जमिनीबद्दल कुणीच नाही. घर आणि शिवार एकच व्यवस्था होती. शेकडो हेक्टरांचं उत्पन्न त्या छपराला पोसायचं. जून 1990 मध्ये दोन्ही जर्मन सरकारांनी जाहीर केलं की 1945 ते 49 च्या जप्त्या फिरवल्या जाणार नाहीत, 1991 मध्ये घटना न्यायालयानं ते उचलून धरलं. तो निर्णय मला योग्यच वाटतो. पण पुढे काय झालं? जमीन 1992 पासून एका सरकारी कंपनीकडे गेली. तिनं ती भाड्यानं दिली, मग विकली, आणि मोठा वाटा मोठ्या शेती कंपन्यांकडे गेला. घर मात्र सुटं काढून विकलं, कधी नावापुरत्या एका मार्काला (मार्क म्हणजे तेव्हाचं जर्मन चलन). शिवारावर कमावणारा वेगळा, छप्पर सांभाळणारा वेगळा. मग छप्पर गळणारच!

माझी मागणी अशी: सरकारी जमिनीच्या पुढच्या विक्रीतला ठरावीक हिस्सा त्याच गावातल्या घराच्या छपरासाठी बाजूला काढा.

नांगरट:
याला माझा पाठिंबा आहे, एका अटीवर. पैसा ज्या घराला जाईल तिथलं निदान एक दालन ग्रामसभेला आणि मुलांना कायमचं मोकळं राहिलं पाहिजे, आणि ते खरेदीखतात लिहिलेलं हवं. तोंडी आश्वासन मालक बदलला की संपतं.

उत्तरवारा:
अट मान्य. पण खरेदीखतं, वाटाघाटी यांत वर्षं जातात, म्हणून तोवर पडझडीला आलेल्या घरांवर आधी पत्रे घाला आणि पन्हळी साफ करा. हा खर्च पूर्ण डागडुजीच्या मानानं फार थोडा आहे, आणि त्यासाठी जमिनीचा हिशेब मिटायची वाट पाहायला माझी तयारी नाही.

पाणंद:
पत्र्यांना विरोध नाही. पण पत्रे घातले की फाईल बंद होते, हीच माझी भीती आहे. पत्र्यांच्या मंजुरीतच पुढच्या हिश्श्याची तारीख घाला.